दिनविशेष कसा तयार करावा: २३ जुलैचं उदाहरण घेऊन

शाळेचा परिपाठ, वाचनालयाचा फळा, पतसंस्थेचा नोटीस बोर्ड, सकाळी सहाच्या आत वाजणारं व्हॉट्सॲप. दिनविशेष आपल्याकडे कुठे नसतो? पण बहुतेक ठिकाणी तो एकच असतो, एकाने दुसऱ्याकडून उचललेला. चाळीस-पन्नास ओळी, त्यात इजिप्तच्या क्रांतीखाली हिंदी नटाचा वाढदिवस आणि त्याखाली कुठल्याशा अमेरिकन पेटंटची नोंद. एखादी ओळ चुकली असेल तर ती दरवर्षी त्याच तारखेला पुन्हा उगवते, कारण यादी पुढे पाठवणारा ती वाचत नाही आणि वाचणारा तपासत नाही.

चाळीस ओळींची कुणालाच गरज नसते. पाच नोंदी पुरतात, पण त्या पाचही कुणी बोट ठेवलं तर टिकल्या पाहिजेत. असा दिनविशेष करायला एका तारखेमागे दीड-दोन तास लागतात. एकदा केला की तो दरवर्षी कामाला येतो, तेव्हा हा वेळ फुकट जात नाही. खाली २३ जुलै ही तारीख घेऊन सगळी कृती दाखवली आहे. तारीख मुद्दाम निवडली आहे: मराठी माणसाला ती पाठ असते, आणि तपासणीत जे जे अडथळे येतात त्यातले बरेचसे तिच्यात सापडतात.

आधी ठरवा, ऐकणार कोण

परिपाठात दिनविशेषाला जेमतेम मिनिटभर मिळतं. प्रतिज्ञा, सुविचार आणि बोधकथा यांच्यामध्ये उभ्या असलेल्या सहावीतल्या मुलीला तीन नोंदी वाचता येतात, सहा नाही. फळ्यावर लिहायचं असेल तर उभ्या-उभ्या वाचणाऱ्याला पाच ओळी झेपतात. गावच्या पाक्षिकात किंवा सोसायटीच्या अंकात मात्र एका नोंदीला चार-पाच वाक्यं देता येतात, आणि खरी मजा तिथेच आहे. हे आधी ठरवलं नाही तर माहिती गोळा करताना सगळंच महत्त्वाचं वाटू लागतं.

कच्ची यादी

वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने आखा: वर्ष, व्यक्ती किंवा घटना, नेमकं काय झालं, ठिकाण, आणि ही माहिती कुठून घेतली. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो सोडतात. पुढच्या वर्षी कुणी शंका काढली की मग सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

या टप्प्यावर निवड करू नका, जे दिसेल ते टिपत जा. २३ जुलैची माझी कच्ची यादी साधारण अशी होते. लोकमान्य टिळकांचा जन्म, १८५६. इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांचा जन्म, १८९२. चंद्रशेखर आझाद यांचा जन्म, १९०६. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन, १९२७. इजिप्तमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजा फारूकविरुद्ध केलेला उठाव, १९५२. पृथ्वीची छायाचित्रं घेणाऱ्या लँडसॅट मालिकेतल्या पहिल्या उपग्रहाचं उड्डाण, १९७२. हेल-बॉप धूमकेतूचा शोध, १९९५. आयलीन कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली कोलंबिया यानाचं उड्डाण, १९९९. विनोदी नट मेहमूद यांचं निधन, २००४. आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांचं निधन, २०१२.

माहिती घ्यायची कुठून? मराठी व्यक्तींसाठी मराठी विश्वकोश आणि जिल्ह्यांची गॅझेटियर हा पहिला आधार. दोन्ही आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यानंतर त्या व्यक्तीचं चरित्र, शक्यतो तिच्या काळाच्या जवळच्या माणसाने लिहिलेलं. संस्थेची माहिती हवी तर त्या संस्थेचा स्वतःचा इतिहास, अंतराळमोहिमेची हवी तर अंतराळसंस्थेची नोंद. विकिपीडिया सुरुवातीला उत्तम आहे, पण तिथे थांबायचं नाही. लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ उघडून बघायचे. दहा संकेतस्थळांवर एकच तारीख दिसली म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. वाक्यरचना शब्दशः सारखी असेल तर तो एकच पुरावा दहा ठिकाणी चिकटवलेला असतो.

तपासणी: जन्मगाव आणि मूळ गाव

टिळकांची तारीख निर्विवाद आहे. घोळ होतो तो ठिकाणाचा. काही याद्यांत त्यांचा जन्म चिखली किंवा चिखलगावचा लिहिलेला असतो. दापोली तालुक्यातलं चिखलगाव हे टिळक घराण्याचं मूळ गाव. जन्म रत्नागिरीचा, तिथल्या टिळक आळीतलं घर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. कोकणी माणसाला ‘गाव कुठलं’ विचारलं तर तो मूळ गाव सांगतो, जन्मलेलं इस्पितळ नाही. तीच सवय चरित्रांच्या नोंदींत उतरली आहे. त्यांचं पाळण्यातलं नाव केशव होतं. ‘बाळ’ हे घरातलं हाक मारायचं नाव पुढे कायम झालं. परिपाठात मुलांना ही गोष्ट सनावळीपेक्षा जास्त लक्षात राहते.

आझादांच्या बाबतीत तोच घोळ वेगळ्या प्रांतात झाला. त्यांचं घराणं उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यातल्या बदरक्याचं. जन्म मात्र भाबरा इथे, तेव्हाच्या अलीराजपूर संस्थानात. आज ते गाव मध्य प्रदेशात आहे आणि त्याला आझादांचंच नाव दिलेलं आहे. म्हणून ठिकाणाचा रकाना भरताना स्वतःला विचारा: इथे माणूस जन्मला, की इथून त्याचे आजोबा आले?

जुन्या पिढीतल्या स्थानिक व्यक्तींबद्दल लिहिताना आणखी एक सापळा असतो. कुणाची जन्मतारीख १ जून दिसली की जरा थांबा. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजींनी लिहिलेली ती तारीख असू शकते, आणि अशी ‘१ जूनवाली’ माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. घरच्यांना विचारलं तर ते सांगतात, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा’ किंवा ‘आखाडीच्या सुमाराचा’. त्यावरून तारीख काढता आली तर उत्तम, नाही तर दाखल्यावरची तारीख ‘नोंदीनुसार’ असं म्हणून द्यावी.

तपासणी: ‘पहिला’ आला की लाल शाई

दिनविशेषात सर्वांत बेभरवशाचा शब्द म्हणजे ‘पहिला’. २३ जुलै १९२७ ची नोंद तीन प्रकारे फिरते: ‘भारतातील पहिले रेडिओ प्रसारण’, ‘आकाशवाणीची स्थापना’ आणि ‘मुंबई रेडिओ केंद्राची सुरुवात’. यातली पहिली चूक आहे. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्येच प्रसारण केलं होतं. दुसरीही चूक. १९२७ मध्ये मुंबईत सुरू झाली ती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी होती. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिच्या केंद्राचं उद्घाटन केलं, ऑगस्टमध्ये कलकत्त्याचं केंद्रही सुरू झालं, पण तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली. १९३० मध्ये सरकारने ते काम हाती घेतलं आणि ८ जून १९३६ ला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. मग २३ जुलैला राष्ट्रीय प्रसारण दिन का पाळतात? कारण संघटित, नियमित प्रसारणाची सुरुवात इथून धरली जाते.

या सगळ्यातून फळ्यावर एकच वाक्य जाईल: ‘१९२७: इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन, हा दिवस राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळला जातो.’ ‘पहिला’ शब्द गेला आणि वाक्याचं काही बिघडलं नाही.

‘पहिला’ ठेवायचाच असेल तर त्याची कुंपणं स्पष्ट लिहा. आयलीन कॉलिन्स अंतराळात जाणाऱ्या पहिल्या स्त्री नव्हत्या, तो मान १९६३ मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांना मिळाला. कॉलिन्स या अमेरिकन अंतराळ शटलचं नेतृत्व करणाऱ्या पहिल्या स्त्री. लांबलचक वाटतं, पण खरं तेवढंच आहे.

तपासणी: घड्याळ कुणाचं

कोलंबियाचं हे उड्डाण फ्लोरिडातून रात्री १२ वाजून ३१ मिनिटांनी झालं. तारीख नुकतीच २३ झाली होती. त्याच क्षणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अजून २२ जुलै होता आणि आपल्याकडे २३ तारखेचे सकाळचे दहा वाजले होते. नियम सोपा ठेवा: घटना जिथे घडली तिथली तारीख धरा. या नियमाची कसोटी बघायची तर तीन दिवस मागे जा. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं ते अमेरिकेच्या हिशेबाने २० जुलै १९६९ च्या रात्री. भारतात तेव्हा २१ जुलैची सकाळ होती, साडेआठला चार मिनिटं कमी. चंद्रावर ‘तिथली तारीख’ नसते म्हणून इथे प्रचलित २० जुलै लिहायची आणि कंसात भारतीय वेळ द्यायची. मुलांना हा कंस फार आवडतो.

शके, तिथी आणि दहा दिवसांचा फरक

शिवकाळ आणि पेशवाईतल्या तारखा लिहायच्या असतील तर हा भाग नीट समजून घ्या. २३ जुलैच्या यादीत त्याची गरज पडली नाही, पण फेब्रुवारी किंवा जून आला की पडेलच.

शके वर्षाचं इसवी सन करायला सगळे ७८ मिळवतात. ते अर्धंच बरोबर आहे. गुढी पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे. जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९, कारण इसवी सन बदललेलं असतं आणि शक अजून तोच असतो. शिवरायांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ज्येष्ठ म्हणजे ७८, उत्तर १६७४. त्यांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. फाल्गुन म्हणजे ७९, उत्तर १६३०. इथे ७८ मिळवले तर १६२९ येतं, आणि असं १६२९ लिहिलेलं दिसलं तर हाच हिशेब चुकलेला असण्याचा संभव असतो. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. तारीख १४ जानेवारी १७६१, म्हणजे पुन्हा ७९. सुरुवातीला ही तीन उदाहरणं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली तर हात बसतो.

दुसरा गुंता इंग्रजी कॅलेंडरचाच. युरोपातल्या कॅथलिक देशांनी १५८२ मध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन घेतलं, इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनंच चालवलं. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीख आणि ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीख, दोन्ही ज्युलियन आहेत. आजच्या कॅलेंडरने मोजलं तर १ मार्च आणि १६ जून. म्हणून शासकीय शिवजयंती आणि रायगडावरचा ६ जूनचा सोहळा बदलायला हवेत का? मुळीच नको. रूढ आणि शासनमान्य तारीख तशीच लिहावी. फक्त एका यादीत दोन पद्धती मिसळू नयेत. कुणी ‘खरी तारीख वेगळीच’ असा फॉरवर्ड पाठवला तर हे गणित त्याच्यापुढे ठेवता येतं. न्यूटनचा जन्म कुठे २५ डिसेंबर १६४२ आणि कुठे ४ जानेवारी १६४३ दिसतो, तोही याच कारणाने.

तिथीवरून तारीख काढताना डोक्याने अंदाज करू नका. अधिक मास आला की अंदाज महिनाभराने हुकतो. जुन्या वाचनालयात जंत्री मिळते, तिच्यात शक, महिना आणि तिथी यांच्यासमोर इंग्रजी तारीख छापलेली असते. आता पंचांगाची गणकयंत्रंही आहेत. उलट तपासणी म्हणून वार बघायचा: मूळ कागदात वार दिलेला असेल आणि तुमच्या तारखेला तोच वार येत असेल तर निर्धास्त राहा.

आणि एक राष्ट्रीय सौर पंचांग आहे, जे सरकारने १९५७ मध्ये स्वीकारलं. आकाशवाणीवर ‘भारतीय सौर’ असं ऐकलं की अनेकांना वाटतं ही तिथी आहे. ती तिथी नव्हे, चंद्राशी तिचा संबंध नाही. त्या पंचांगात २३ जुलै हा दरवर्षी १ श्रावण असतो, मग आपल्या घरच्या कॅलेंडरात आषाढ चालू असो वा श्रावण. टिळकांचा जन्मच पाहा: तारीख २३ जुलै, पण तिथी आषाढ वद्य षष्ठी, शके १७७८.

आता कात्री चालवा

कच्च्या यादीत दहा नोंदी आहेत. पाच ठेवायच्या. मी तीन प्रश्न विचारतो: आपल्या वाचकाशी नातं आहे का, दोन ओळींत समजेल का, आणि यादी एकाच रंगाची तर होत नाही ना? टिळक आणि आझाद राहणारच. रेडिओ राहतो, कारण प्रत्येकाच्या घरात तो होता. विज्ञानाचं काही हवं म्हणून कोलंबिया. त्या उड्डाणाने चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण अवकाशात नेली, जिचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलेलं आहे, आणि २००३ मध्ये कल्पना चावला ज्या यानात गेल्या ते हेच कोलंबिया. दोन धागे आपल्याकडे येतात. पाचवी लक्ष्मी सहगल. आझाद, टिळक अशा पुरुषांच्या रांगेत ‘झाशीची राणी’ पलटणीची कॅप्टन आली की यादी जिवंत होते.

मेहमूद गाळताना मला वाईट वाटतं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यासाठी यादी करत असाल तर कोलंबिया काढून त्यांना खुशाल घ्या. हेले सेलासी आणि लँडसॅट गेले तरी चालतील. इजिप्तचा उठाव बारावीच्या इतिहासाच्या वर्गात शोभेल, परिपाठात नाही.

काही गोष्टी तारखेच्या अगदी कडेला असतात. टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्याचा निकाल २२ जुलै १९०८ च्या रात्री लागला, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. नोंद २२ तारखेची, पण २३ च्या लेखात तिच्यासारखा तपशील नाही. शिक्षेच्या सहा वर्षांसाठी मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, हेही तिथेच सांगावं. संप दिवसांवर पसरलेला असतो, त्याला एका तारखेच्या खुंटीला बांधू नये.

लिहिताना

जयंती जन्माची आणि ती गेलेल्या माणसाची. हयात व्यक्तीचा वाढदिवस. मृत्यूच्या दिवसाला सरसकट पुण्यतिथी लिहू नका: ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन, २७ फेब्रुवारी हा आझादांचा बलिदान दिन, कलावंत-लेखकांसाठी स्मृतिदिन शोभतो, वारकरी संतांचा समाधी सोहळा. (२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती आणि मराठी भाषा गौरव दिन असल्यामुळे मराठी याद्यांत आझाद त्या दिवशी हमखास सुटतात.)

कितवी जयंती हे काढायला चालू सनातून जन्मसन वजा करा, एक मिळवू नका. २०२६ मध्ये टिळकांची १७० वी जयंती. २९ फेब्रुवारीचं वेगळं: मोरारजी देसाईंचा जन्म १८९६ च्या २९ फेब्रुवारीचा, आणि १९०० हे लीप वर्ष नसल्यामुळे त्यांना पुढची खरी जन्मतारीख थेट १९०४ मध्ये मिळाली. अशा नोंदी २८ तारखेच्या पानावर टीप देऊन ठेवाव्यात, नाही तर तीन वर्षं त्या कुणालाच दिसत नाहीत.

विशेषणांना आवर घाला. ‘थोर’, ‘महान’, ‘तेजस्वी’ या शब्दांऐवजी एक ठोस गोष्ट द्या. ‘थोर क्रांतिकारक चंद्रशेखर आझाद यांची जयंती’ वाचून काही कळत नाही. ‘अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये पोलिसांशी लढताना मरण आलं तेव्हा ते २४ वर्षांचे होते’ हे वाचून अकरावीतला मुलगा थांबतो. प्रसिद्ध उद्गार देताना ते कुठे आणि केव्हा काढले हे सापडत नसेल तर उद्गार गाळावा.

तयार झालेला फळा असा:

२३ जुलै (भारतीय सौर १ श्रावण)

१८५६: लोकमान्य टिळक यांचा रत्नागिरी येथे जन्म. पाळण्यातले नाव केशव.

१९०६: चंद्रशेखर आझाद यांचा भाबरा (आता मध्य प्रदेश) येथे जन्म. वयाच्या २४ व्या वर्षी हुतात्मा.

१९२७: इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन. राष्ट्रीय प्रसारण दिन.

१९९९: आयलीन कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली कोलंबियाचे उड्डाण. शटलच्या त्या पहिल्या स्त्री कमांडर.

२०१२: आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांचे कानपूर येथे निधन, वय ९७.

परिपाठासाठी यातल्या पहिल्या तीन घ्या आणि मुलीला आदल्या दिवशी मोठ्याने वाचायला सांगा. ‘ब्रॉडकास्टिंग’वर जीभ अडखळते, तिथे ‘मुंबई रेडिओ केंद्र’ केलं तरी चालेल.

यादी तारखेच्या नावाने जपून ठेवा, वर्षाच्या नावाने नको. कुणी चूक दाखवली तर मूळ ओळ खोडून शेजारी नवी लिहा आणि कुणाच्या सांगण्यावरून बदलली तेही टाका. वर्षभराच्या ३६६ तारखा एकदम करायला बसू नका. शाळा असेल तर जून-जुलैपासून सुरू करा आणि पुढचे आठ दिवस नेहमी तयार ठेवा. २३ जुलै झाली की १ ऑगस्ट लगेच येते, आणि ती तारीख जड आहे: १९२० मध्ये त्याच दिवशी मुंबईत सरदारगृहात टिळक गेले, त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले, आणि त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू झाली. तिला दोन तासांहून जास्त वेळ राखून ठेवा.